मथुरेची चाल

रत्नाकरनं सिगारेट ओठांत धरली, काडी ओढली... आणि कुठूनशी एक मुलगी धावत आली न् तिनं काडी फुंकून विझवली.

"जाळता का आमच्या आईला?"

पुण्याहून विमान कारखान्यात आलेला हा नवा इंजिनियर आप्पाजींच्या माडीवरची खोली बघायला आला होता. पडवीच्या सावलीत दोरीवर काळ्या पट्ट्या लोंबत होत्या. त्याला वाटलं, बेंगळुरात धुणं असंच असेल. ती जुन्या मूकपटाची फिल्म होती, ठिणगीसरशी भडकणारी. त्या मुलीनं, आप्पाजींच्या लेकीनं वसुमतीनं, काडेपेटी जप्त केली. खोली हवी तर ओढणं बंद... "सरी?"

"सरी," तो म्हणाला. कानडीतला त्याचा पहिला होकार.

पुढची हकिकत तिनं जिन्यात येता-जाता सांगितली. मूकपट आप्पाजींनी तरुणपणी काढलेला, कॅमेराही स्वतःच फिरवलेला. नायक घोड्यावरून पडला, रंगवलेले पडदे पावसात धुऊन निघाले, आणि शेवटच्या भेटीच्या प्रसंगाआधी नायिका रुसून मद्रासला गेली. मग डबा घेऊन आलेल्या शेजारच्या मथुरेलाच तिच्या जागी उभं केलं. पण पडद्यावर मथुरा कुत्रं मागे लागल्यासारखी पळाली. थिएटर खदखदून हसलं, कंपनी बुडाली. मथुरा बायको म्हणून घरात आली, तेवढीच काय ती कमाई. आता ती नव्हती, आणि तिला पुन्हा कुणी हसू नये म्हणून आप्पाजी ते रीळ लावत नव्हते.

"फिल्म विरत चाललीय," वसुमती म्हणाली. "एकदा तरी... आईला तिच्या चालीनं चालताना बघायचंय."

कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरलं की पडद्यावर माणसं पळतात, हे रत्नाकरला ठाऊक होतं. दाखवताना प्रोजेक्टरचं हँडलही तितकंच हळू फिरवायचं. पण तसं केलं तर दिव्याच्या धगीनं फिल्म पेटायची! त्यानं कितीतरी रविवार घालवून मशीनला मंद दिवा बसवला आणि आप्पाजींना कसंबसं राजी केलं.

चार शेजारी जमले. पडद्याशेजारी उभी राहून वसुमती चित्रांमधून येणाऱ्या संवादांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती. शेवटचं रीळ लागलं. रत्नाकरचा हात आणखी मंदावला. करपल्याचा वास येतोय का, म्हणून वसुमतीनं हवा हुंगून पाहिली...

मथुरा आली. सावकाश, पदर सावरत, डबकं चुकवत. कुणी हसलं नाही. आप्पाजींनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

मंडळी गेल्यावर ते म्हणाले, "तिच्याकडे बघता बघता माझाच हात ढिला पडला होता. आणि मी इतकी वर्षं कॅमेऱ्याला बोल लावत होतो." मग चष्म्यावरून बघत, "पण रत्नाकर, तुमचा हात पहिल्या रिळापासूनच मंद. तिथं कुठं होती मथुरा?"

रत्नाकर हँडलकडे बघत राहिला. "तिथं... वसुमती वाचत होत्या."

आप्पाजींना एकाएकी फाटकाची कडी आठवली. ते बाहेर गेले.

रीळ उलटं गुंडाळायचं राहिलं होतं. वसुमतीनं त्याच्या हातावर हात ठेवला. "तुमच्या मनातली पाटी वाचायची तर आधी ती दिसायला हवी ना—"

"लग्न कराल माझ्याशी?"

"सरी," ती म्हणाली, आणि दोघांच्या हातांनी हँडल फिरवू लागली. अगदी सावकाश. कडी लावायला आप्पाजींना आज बराच वेळ लागणार होता.