परत पाठवलेलं वाक्य

महागावच्या स्टँडवर एक माणूस फोनशी भांडत होता. फोनवर कुणाशी नाही — फोनशीच.

"उद्या उघाड राहीन काय? अवो, उघाड..."

फोनमधली बाई शुद्ध हिंदीत माफी मागत होती. मला हसू आवरेना. माझी पुसदची बस नेहमीसारखी उशिरा, नाहीतर मी कशाला कुणाच्या भानगडीत पडते?

"पुस्तकी मराठीत विचारा," मी म्हटलं. "समजेल तिला."

"मले येते पुस्तकी," तो म्हणाला. "माह्या मायले येत नाही. तिनं हवामान कोनाले इचाराव?"

हा रजत. फुलसावंगीचा, घरी कापूस-तूर, स्टँडसमोर ऑनलाइन सेंटर. दिवसभर लोकांचे फॉर्म भरायचा आणि उरलेल्या वेळात 'फुकटचं वायफाय' नावाचा ब्लॉग लिहायचा. मी तो त्याच दिवशी बसमध्ये वाचून काढला. बंद पडलेल्या वेबसाइटींवर एखाद्या गेलेल्या मामावर लिहावं तसं लिहायचा. रोज सकाळी गुड मॉर्निंगची फुलं पाठवणाऱ्या काकांची बाजू घ्यायचा — आपण बरे आहोत, एवढंच तर कळवतात बिचारे, म्हणून. एक लेख होता नकार मिळाल्यावरही पोरींना मेसेज करत सुटणाऱ्यांवर. 'एकदा नाही म्हणजे नाही. त्यानंतरचा प्रत्येक मेसेज हा त्रास.' त्याखाली मी 'शाब्बास' लिहिलं. मी महागावच्या शाळेत मराठीची शिक्षिका, शाब्बास सहज देत नाही.

फोनला वऱ्हाडी शिकवायची म्हणून त्याने एक साइट उघडली होती. लोकांनी वाक्यं बोलायची, कुणीतरी ऐकून तपासायची. ते कुणीतरी मी झाले. बरोबर असेल तर 'मंजूर', नसेल तर 'परत', खाली कारण लिहायचं. परत गेलेलं वाक्य बोलणाऱ्याने पुन्हा बोलायचं. लोक लाजायचे, त्यामुळे निम्मी वाक्यं रजतचीच. रोज पुसदपर्यंत तासभर त्याचा आवाज माझ्या कानात...

"भैरवी मॅडम, काल सोळा वाक्यं परत? माही रोज परीक्षा घेऊन राह्यल्या काय?"

"अडखळता फार तुम्ही."

"तुमचं नाव आलं का अडखळतो मी."

"माझं नाव कुठल्या वाक्यात आहे?"

"येईन... येईन."

दिवाळीपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं. कधी, ते आठवत नाही. खोटं कशाला बोलू — चांगलं आठवतं, पण सांगणार नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. बस वाटेतल्या गुंज गावाच्या पुढे आली होती. खताचं एक वाक्य मी मंजूर केलं आणि पुढचं सुरू झालं.

"भैरवी... मले तू लय आवडते. लगन... लगन करशीन काय माह्यासंग?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. शेजारच्या मावशी बघत होत्या आणि मला हसू नि रडू एकदमच येत होतं. किती वेळा ऐकलं, विचारू नका. मग मला लाडात यायची बुद्धी सुचली. मी 'परत' दाबलं. कारण: 'दोनदा अडखळला. पुन्हा नीट बोला.'

मला ते पुन्हा ऐकायचं होतं हो. एवढंच. पुढच्या खेपेला मंजूर करणार होते.

दुसऱ्या दिवशी यादीत तुरीवरच्या अळीची वाक्यं आली. तिसऱ्या दिवशी फवारणीची. तो पुन्हा 'मॅडम' म्हणू लागला, तेही खाली बघून. आणि मी? मी विचारायला हवं होतं. नुसता रस्ता ओलांडला की त्याचं सेंटर. पण माझा तोरा केवढा. बोललाय तो, पुन्हाही तोच बोलेल, असं म्हणत मी दोन महिने फणकाऱ्यात घालवले.

मग एका संध्याकाळी तोच स्टँडवर आला. त्याने मला फोन ऐकवला. त्याच्या आईने, शकुबाईंनी हवामान विचारलं होतं आणि फोनने बरोबर उत्तर दिलं होतं. मला खरंच आनंद झाला, तसं मी म्हटलंही.

"आनखी एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "माह्यं जमलं. केळापूरची हाय, दिपाली. परवा साखरपुडा."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मग ते वाक्य पुन्हा का नाही बोललास?"

तो बघतच राहिला. "कापसाचं वाक्य परत आलं त पुन्हा बोलाव. हे कसं बोलू? 'परत' दाबून तू नाहीच म्हनली, अन् अडखळल्याचं निस्तं कारन देल्लं, असं वाटलं मले. पुन्हा इचारनं म्हंजे तरास... तूनंच त शाब्बास देल्लं होतं."

"मी नाही म्हटलंच नव्हतं, रजत. मला फक्त पुन्हा ऐकायचं होतं."

त्याने फोन खिशात ठेवला. मग हळूच म्हणाला, "एक फोन कराचा होता तूनं."

"हो. करायला हवा होता."

"दिपालीले सबद देल्ला म्या. तिचा काय दोष हाय?"

"काहीच नाही. मोडू नकोस."

पुसदची बस लागली. मी पायरीवर पाय ठेवला, तसा तो मागून म्हणाला, "भैरवी... पुन्हा इचारलं असतं त काय म्हनली असती?"

मागची माणसं पुढे सरका म्हणत होती. मी वळून त्याला सांगितलं, "हो."

त्याने मान हलवली. मग तो रस्ता ओलांडून सेंटरकडे गेला, आणि मी आत जाऊन पुसदचं तिकीट काढलं.