आधाराचं हँडल

कोंडिबाच्या वडाप जीपमध्ये जागा दहाजणांची होती आणि त्या दुपारी माणसं बसली होती सोळा. राहू गाव सुटलं तसा दोन्ही अंगांनी ऊस लागला, गुऱ्हाळांचा गोड धूर आत यायला लागला. रुबी मागच्या बाकावर कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, मांडीवर हत्यारांची पिशवी. कासुर्डीत हायवेला तिच्या वडिलांचं, सुभान मुलाणींचं, गाड्यांच्या सीटा आणि आतलं अस्तर बसवून द्यायचं दुकान होतं. राहूतल्या एका बागायतदाराच्या मोटारीला कव्हरं चढवून ती परत निघाली होती. दोन हजार तीन साल संपत आलं होतं, आणि पोरगी असलं काम करते याचं नवल वाटून वाटून लोक आता थकले होते.

तिच्यासमोर निळ्या शर्टातला एक तरुण दाराशी अर्धवट टेकून, डोक्यावरचं हँडल धरून बसला होता. उसाची बैलगाडी आडवी आली, कोंडिबानं कचकन ब्रेक मारला — आणि हँडल त्या तरुणाच्या हातात आलं. हँडलासकट तो गेला थेट एका मावशीच्या शेवंतीच्या पाटीत.

सगळी जीप हसली. तो उठला तेव्हा त्याच्या केसांत, कॉलरमध्ये, एका कानावर पिवळ्या पाकळ्या होत्या. पण त्याचं तिकडं लक्षच नव्हतं. वैद्यानं नाडी बघावी तसा तो हँडल उलटंपालटं करून बघत होता. कोंडिबानं गाडी कडेला घेतली आणि पाव्हण्यांनी हँडल होतं तिथं बसवल्याशिवाय गाडी हलायची नाही, असं जाहीर करून टाकलं.

रुबीनं हात पुढं केला. "आणा इकडं."

ती बाकावर गुडघा टेकून उभी राहिली. मान मागं टाकली, एक स्क्रू दातांत धरला, दुसरा बोटानं भोकात धरून पेचकस फिरवायला लागली. एक स्क्रू निसटून शेवंतीत पडला, तो मावशीनं शोधून दिला. काम झाल्यावर रुबीनं खाली बघितलं तर हा बाबा मनगटावरचं घड्याळ बघत होता.

"गाडी चुकती का तुमची?" तिनं विचारलं.

"न्हाई. गाडीतच बसलोय की."

"मग घड्याळात काय हाय?"

"चार मिनिटं वीस सेकंद," तो म्हणाला. "ताई, तुमचा हात चांगला हाय, हँडलच वाईट हाय."

मग कासुर्डी येईपर्यंत त्यानं सगळं सांगितलं. तो शिरूरचा, अफताब तांबोळी. राहूला आपल्या सख्ख्या मावशीकडं आला होता. डिप्लोमा करून रांजणगावच्या एका कारखान्यात लागला होता, तिथं मोटारींच्या आतले प्लॅस्टिकचे भाग बनत. तिथंच त्याला नवं हँडल बनवायचं काम दिलं होतं. जुन्याला दोन स्क्रू, त्यांवर झाकायला दोन टोप्या. बसवणाऱ्या बाया दिवसभर मान वर करून उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी त्यांना मान खाली घालता यायची नाही. मोटारवाल्या कंपनीला ते काम काही सेकंदांत झालेलं हवं होतं. रुबी ऐकत राहिली. गाड्यांविषयी बोलणारे पुरुष तिनं खूप पाहिले होते, पण बसवणाऱ्याच्या मानेविषयी बोलणारा हा पहिलाच.

उतरताना तिनं सांगितलं, "कानावर पाकळी हाय."

पुढच्या रविवारी तो दुकानात हजर झाला, खांद्याला पिशवी, पिशवीत हँडलाचा नमुना. दुकानामागं एक जुनी मोडकी मोटार कायमची उभी होती, रुबी तिच्यावरच काम शिकली होती. त्याच मोटारीत नमुना लावून बघायची परवानगी त्यानं सुभानमियांकडं मागितली. सुभानमियांनी मान डोलावली. रुबीची आई, लालबी, चहा ठेवायला आत गेली.

"आज ताई म्हणला न्हाईत," रुबी हळूच म्हणाली.

"त्या दिवशी डोक्याला मार लागला होता," तो म्हणाला. "फुलांचा."

घरात दखनी बोलणाऱ्या त्या दोघांची आपसातली भाषा मात्र मराठीच राहिली. ओळखच तिच्यात झाली होती. 

पहिल्या नमुन्याला मागं दोन स्प्रिंगच्या चिमट्या होत्या. छतातल्या भोकांत दाबलं की बसलं. रुबीनं एका दाबात बसवलं, अफताबचा चेहरा खुलला. मग ती दोन्ही हातांनी हँडलाला लोंबकळली आणि हँडलासकट सीटवर आदळली. तिला हसू आवरेना. तो वहीत काहीतरी लिहीत राहिला — पण त्याचे कान लाल झाले होते.

दुसरा नमुना सुटत नव्हता, पण बसवायला इतका घट्ट की तिच्या अंगठ्याचं कातडं सोलून निघालं. रक्ताचा थेंब बघून त्यानं खिशातून रुमाल काढला आणि तो हातात तसाच धरून उभा राहिला. बांधावा की तिच्या हातात द्यावा... त्याला ठरवता येईना. शेवटी तिनंच अंगठा पुढं केला. त्यानं इतक्या हलक्या हातानं गाठ मारली, की गाठ बसलीच नाही. तिनंही ते सांगितलं नाही. रविवारचा तिचा ओढणी निवडायला लागणारा वेळ त्यानंतर वाढला, हे लालबीच्या लक्षात आलं.

तिसरा नमुना मार्चात आला. अलगद दाबायचा, मग टोकाची छोटी जीभ अंगठ्यानं आत ढकलायची — टक. आत चिमटी फाकायची आणि अडकून बसायची. रुबी लोंबकळली. सुभानमिया लोंबकळले. हँडल जागचं हललं नाही. अफताबनं आनंदानं मोटारीच्या टपावर थाप मारली. गुरुवारी साहेबांना दाखवायचं होतं. पसंत पडलं तर नोकरी कायम होणार होती.

रुबी मात्र हँडलाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत होती.

"हे ओढल्यावर सुटत न्हाई," ती म्हणाली. "पण डोकं आपटलं तर?"

तिनं मग त्याला सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी यवतच्या बाजाराला जाताना जीप रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेली होती. लालबीचं कानशील हँडलाच्या लोखंडी टोकावर आपटलं. जखम भरली, पण डाव्या डोळ्याची नजर गेली आणि उजव्याचीही मंदावली. दुकानातली सगळी शिलाई तोवर लालबीच्या हातची असायची. त्यानंतर तिला सुईत दोरा ओवता येईना. चौदा वर्षांची रुबी शाळेतून आली की मशीनवर बसायला लागली, ती आजवर.

तिनं आतून एक कलिंगड आणलं आणि नेम धरून हँडलावर फेकलं. कलिंगड फुटलं ते कोपऱ्यावरच, बोटभर खोल भोक पडून. हँडलावर ओरखडाही नव्हता. दारात उभ्या लालबीचा हात आपोआप कानशिलाकडं गेला.

"गुरुवारी दाखवायचंय," अफताब म्हणाला.

"दाखवा की. पसंत करतील. त्यांना कुठं माहीत हाय?"

तिला तसं बोलायचं नव्हतं. पण बोलून गेली. तो चहा न घेताच निघाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रुबीनं मनाला समजावलं, की काम झालं असेल, माणूस कशाला येईल? मग वाटायचं, आपणच त्याचा घास हिरावला. हायवेला एसटी थांबली की तिचं मशीन आपोआप थांबायचं. त्यातच लोणीहून तिला स्थळ आलं. घर चांगलं होतं, मुलगा शांत होता. पण मुलाच्या मामांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, की लग्नानंतर पोरीनं गाड्यांत घुसायचं बंद करायचं, ते शोभत नाही.

पाहुणे गेल्यावर रुबी वडिलांसमोर येऊन बसली. तिनं सांगितलं, की मी नाही म्हणतेय, आणि ते कुणाची वाट बघतेय म्हणून नाही. ज्याची बघत होते तो येईलच असंही नाही. पण माझ्या हातांची लाज वाटणाऱ्या घरात मला जायचं नाही. सुभानमियांनी बराच वेळ त्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, ठीक आहे, मी लोणीला निरोप देतो.

तो गेल्यापासूनच्या चौथ्या सोमवारी दुकानातला फोन वाजला.

"अफताब बोलतोय," पलीकडून आवाज आला आणि थांबला. "त्या गुरुवारी मी साहेबांना नमुना दाखवला... आन् त्याच्यावर कलिंगड फेकलं."

"मग?" रुबीनं विचारलं.

साहेब भडकले होते. वेळ संपत आली होती, मोटारवाली कंपनी थांबायला तयार नव्हती, आणि पोरगा स्वतःच्याच कामातली खोट दाखवत होता. पण फुटलेल्या कलिंगडाकडं बघून साहेबांनी शेवटी तीन आठवडे दिले. नाही जमलं तर नोकरीही नाही, असं बजावून. त्या तीन आठवड्यांत तो कारखान्याबाहेर पडलाच नव्हता. बुधवारी शेवटची परीक्षा होती. "तुम्ही आन् चाचा याल का?" त्यानं विचारलं. "तुम्ही बघितल्याबिगर माझा भरवसा बसणार न्हाई."

बुधवारी बापलेक न्हावऱ्यावरून शिरूरला आणि तिथून रांजणगावला पोचले. कारखान्याच्या एका खोलीत मोटारीचा नुसता सांगाडा उभा होता. सारिका नावाच्या एका ठेंगण्या बाईनं नवं हँडल उचललं, दाबलं, अंगठा टेकवला — टक, टक. मान वर करून खाली घेईपर्यंत काम झालं होतं. ती रुबीकडं बघून हसली. मग वजनं लावून हँडल ओढलं, ते सुटलं नाही. शेवटी माणसाच्या डोक्याएवढा लोखंडी गोळा यंत्रानं सोडला. धप्प आवाज झाला आणि हँडल आत दबलं. मागच्या पोकळीतल्या पातळ पट्ट्या चुरमडल्या होत्या, गोळ्याचा सगळा जोर त्यांनी पोटात घेतला होता. ओढणाऱ्याला धरून ठेवायचं आणि आपटणाऱ्यापुढं नमायचं, दोन्ही त्याला जमलं होतं.

यंत्रावरचा आकडा बघून साहेबांनी चष्मा काढला. ही खोट पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली, असं त्यांनी विचारलं.

"रुबी सुभान मुलाणी, कासुर्डी," अफताब म्हणाला. पाठ केल्यासारखं, सगळ्यांदेखत. "त्या इथंच उभ्या हायत."

साहेबांनी मान वळवून तिला नमस्कार केला. सुभानमियांनी घाईनं टोपी सारखी केली आणि तोंड खिडकीकडं वळवलं.

संध्याकाळी अफताब त्यांना शिरूरच्या एसटी स्टँडपर्यंत पोचवायला आला. स्टँडसमोर त्याच्या वडिलांचं पानाचं दुकान होतं. थोरल्या तांबोळींनी सुभानमियांना हाताला धरून दुकानात नेलं, बसायला स्टूल दिलं. इकडं फलाटावर दोघंच राहिली. बाजूला कुणीतरी मोगऱ्याचे गजरे विकत होतं.

"तीन रविवार आला न्हाईत," रुबी म्हणाली. "एक फोन तरी..."

"काय सांगणार होतो? तुमचं खरं होतं, एवढंच. ते करूनच दाखवावं म्हणलं." तो जरा थांबला. "आन् दुसरं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

"आता सांगा. बस यायला वेळ हाय."

"हँडल झालं. नोकरी कायम झाली. आता रविवारी यायला मला निमित्तच उरलं न्हाई..." त्यानं तिच्याकडं सरळ बघितलं. "मला निमित्ताबिगर यायचंय, रुबी. रोज. तुमच्याशी लगीन करायचंय."

रुबीचं काळीज इतक्या जोरात उडालं की फलाटावरच्या माणसांना ऐकू गेलं असेल असं तिला वाटलं. पण ती सुभानमियांची लेक होती. आधी माप घ्यायचं, मग कापड कापायचं.

"मी दुकान सोडणार न्हाई."

"सोडा म्हणलं का मी?"

"अम्मीला एकटं टाकणार न्हाई."

"कासुर्डीवरून रांजणगाव मोटारसायकलीनं सव्वा तास. मी जाईन-येईन. तुमच्या अम्मीच्या हातचा एक चहा राहिलाय माझा, तो रोज सकाळी पिऊन निघीन."

"आन् तुमच्या घरचे?"

"त्यांना दोन महिन्यांमागं सांगितलंय. अब्बा म्हणाले, आधी पोरीला विचार."

"म्हंजी साऱ्या शिरूरला ठावं," रुबी म्हणाली, "आन् मलाच न्हाई..." तिला रागवायचं होतं. पण ओठ ऐकेनात, हसायलाच लागले.

तेवढ्यात सुभानमिया रस्ता ओलांडून आले. तोंड लाल, गाल फुगलेला, हातात कागदात बांधलेला आणखी एक विडा. रुबीनं ओढणी सावरली आणि एका दमात सांगून टाकलं, की शुक्रवारी ह्यांच्या घरची माणसं आपल्याकडं येणार आहेत.

सुभानमियांनी हात हलवला. पान सांभाळत, कसंबसं म्हणाले, "शुक्रवारी न्हाई. शनिवारी. आमचं आत्ताच ठरलंय." मग विड्याकडं बोट केलं. "हे तुझ्यासाठी दिलंय त्यांनी. तुझा होकार नसल तर परत करायचं, असं बोलणं झालंय."

रुबीनं वडिलांच्या हातातून विडा घेतला, कागद सोडला, आणि शिरूरच्या स्टँडवर, साऱ्या लोकांदेखत, तो सगळाच्या सगळा तोंडात घातला.