ढवळेबाईंचा कित्ता

दिवाळीच्या सुट्टीत गिरिशिक्षक विद्यालयाचं भोजनगृह चालू ठेवावं लागतं, याचं आता कुणालाच नवल वाटत नाही. पूर्वी अशा विद्यालयांची वसतिगृहं धनत्रयोदशीच्या आधीच ओस पडत. दोरीवरचे टॉवेल विसरून मुलंमुली एसटी स्टँड गाठत. त्या वर्षी तोरणकुंडच्या वसतिगृहातले अठ्ठावीस प्रशिक्षणार्थी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ओसरीवर ओळीनं बसून पुढच्या सत्राचे तक्ते रंगवत होते. एकानंही रजेचा अर्ज दिला नव्हता.

ढवळेबाई त्यांच्यामधून फिरत होत्या. "अगं, हत्तीला चार पाय असतात, तू पाच काढलेस. पहिलीतलं पोर आधी तेच मोजेल." सगळे हसले. बाई सातपुड्यातल्या या गावात चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या होत्या. समोरच्या ओळीकडे बघून त्यांना वाटे, आपल्यासारखी एवढी माणसं एकत्र बघायला मिळतील असं स्वप्नातही नव्हतं.

तसं म्हटलं तर ती सगळी खरोखरच त्यांच्यासारखी होती.

शतकाच्या मध्यावर डोंगरातल्या शाळांना शिक्षक मिळेनासे झाले. भरती होई, वर्षभरात माणसं बदली मागत, नाही मिळाली तर नोकरी सोडून देत. सरकारनं मधली काही वर्षं भिंतीवर बोलके पडदे लावून पाहिले. पडदे शिकवत उत्तम. पण पहिलीतलं मूल पडद्यासमोर आठवडाभर बसतं आणि मग उठून बकऱ्यांमागे जातं. आपलं गणित चुकल्यावर कपाळाला हात लावणारं माणूस समोर असलं, तरच ते पुन्हा करावंसं वाटतं. अखेर विद्यापीठानं शिक्षक निवडणं, घडवणं आणि टिकवणं ही तिन्ही कामं एका योजनेत आणली. त्यातलं तिसरं सर्वांत अवघड होतं. त्यासाठी निघाली ती कित्तापद्धती.

लहानपणी आपण कित्त्यावर अक्षर गिरवतो. त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा हात फिरला, की वळण हातात बसतं. मेंदूतही असंच घडतं. ज्या वाटेनं संदेश वारंवार जातात, ती वाट रुळते. अनुभवी शिक्षकाच्या डोक्यावर पातळ टोपी चढवून त्याच्या मेंदूतल्या वाटांची नोंद घ्यायची; मग तसलीच टोपी नवशिक्याला घालून त्याच वाटांवर चुंबकीय लहरींची हलकी थाप अकरा बैठका देत राहायची. ज्याची नोंद घेतली तो कित्ता, ज्याला थाप दिली तो गिरवणारा. आठवणी जात नाहीत, ज्ञानही जात नाही. जातो तो मनाचा कल.

विद्यापीठानं एकेचाळीस नामवंत शिक्षकांच्या नोंदी घेतल्या आणि दहा वर्षांपूर्वी त्यांतून ढवळेबाईंचा कित्ता निवडला. आजवर, ओसरीवरच्या अठ्ठावीस जणांसह, एकोणीसशे शिक्षकांनी तो गिरवला होता आणि एकही जण शाळा सोडून गेला नव्हता. ही पद्धत शोधणारा शास्त्रज्ञ म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा, डॉ. निनाद ढवळे. संमतीची दहा वर्षं त्या महिन्यात संपत होती. या वेळी कित्ता राज्यातल्या सहा हजार शाळांसाठी वापरायचा होता, आणि नवं संमतीपत्र सहीसाठी बाईंच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या त्याच दुपारी फाटकातून एक बाई आत आली. डोक्यावर पदर, काखेत पत्र्याचा डबा, पायांवर जीपची धूळ. मिहिका बंडगर या प्रशिक्षणार्थीची ती आई; थेट सांगोल्याजवळच्या खेड्यातून आली होती.

मिहिका उठली. "बस आई. प्रवास लांबचा झाला असेल. पाणी आणते." तिनं पाणी आणलं, डबा नीट आत ठेवला आणि म्हणाली, "पालकांना भेटायची वेळ तीनची असते. तोवर तक्ता पुरा करते हं." आणि ती खाली बसून हत्तीचा पाचवा पाय खोडू लागली.

आई उभीच राहिली. मग ढवळेबाईंकडे वळली. "तुमीच ढवळेबाई नव्हं?"

"हो. बसा ना. मुलगी कामात फार गुंतलीय बघा तुमची."

"गुतली न्हाई, सुटलीया. आवं, 'कशाला आलीस' म्हणून भांडली असती, तरी बरं वाटलं असतं. श्रावणात हिचा बा गेला. फोन केला तर म्हणती, 'बरं, कळलं. परवा मुलांची चाचणी हाय.' तेराव्यालाबी आली न्हाई. बारावीला तालुक्याला ठिवली हुती, तर तिसऱ्या दिशी रडत घरी आलती हीच पोरगी! तुमचंच कायबाय घातलंय म्हणं हिच्या डोस्क्यात."

"मुलांबद्दलची माया घातलीय," बाई शांतपणे म्हणाल्या. लहान मुलाला समजवावं तसा त्यांचा सूर होता.

"तुमाला लेकरंबाळं हाईत का?"

"एक मुलगा आहे."

"मग ऐन दिवाळीत तुमी हितं काय करताय?"

बाई पुढच्या तक्त्याकडे वळल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. सत्कार पुष्कळ झाले होते.

वजाबाकी बरोबर आली का हे बघायला त्या मुलांना उलटी बेरीज करायला लावत. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच ताळा करून पाहिला. अठ्ठावीस माणसं. कुणाची आई, कुणाचा आजारी आजोबा, कुणाचं ठरलेलं लग्न. मुलांवर माया जडली म्हणून काही जण थांबतील; पण अठ्ठावीसच्या अठ्ठावीस? उत्तर जुळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संमतीपत्र पिशवीत घालून त्या विद्यापीठात गेल्या.

निनाद प्रयोगशाळेतच होता. त्यालाही दिवाळी नव्हती.

"ये. सही करून पाठवली असतीस तरी चाललं असतं."

"आधी एक सांग. माझ्यातलं नेमकं काय घेतलंस?"

"संमतीपत्रात लिहिलंय. अध्यापनवृत्ती."

"ते परीक्षकाला सांग. मला तिसरीतल्या पोराला सांगतात तसं सांग."

निनादनं पडदा उघडला. एकेचाळीस उभ्या पट्ट्या दिसल्या. "ही मुलांविषयीची माया. मूल काही शिकलं, की शिक्षकाच्या मेंदूत जे उजळतं, त्याचं माप. यात तू एकोणिसावी."

"एकोणिसावी?" बाई हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

"आम्ही सुरुवातीला पहिल्या नंबरचा कित्ता वापरला. जालन्याचे एक गुरुजी होते. तो गिरवलेले शिक्षक वर्षात पळाले. ज्यांच्यात माया असते ना आई, त्यांच्यात ती सगळीकडे असते. आई आजारी पडली, ते गेले. बाळ झालं, गेले. मग मी दुसरं माप काढलं." पडदा बदलला. "याला आम्ही घरओढ म्हणतो. आपल्या माणसाचा चेहरा दाखवला, की प्रत्येकाच्या मेंदूत एक भाग दुखरा होतो. साधारण माणसाची घरओढ साठ-सत्तर भरते. ही तुझी पट्टी."

पट्टी शोधावी लागली. इतरांच्या मध्ये ती जेमतेम जमिनीवरून उठली होती. नऊ.

"शिक्षकाला टिकवते ती एवढीच गोष्ट," निनाद म्हणाला. "बाकी सगळं शिकवता येतं."

"कुणाचा चेहरा दाखवला होता मला?"

"माझा."

यंत्राचा पंखा घुमत होता. बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुला आधीपासून माहीत होतं."

"मापायच्या आधीपासून. तू तोरणकुंडला, मी मावशीकडे वाढलो आई. दुसरीत मला कांजिण्या आल्या, तेव्हा तू तुझ्या वर्गाकडून सव्वीस शुभेच्छापत्रं करवून पाठवलीस. कुणी मोर काढला होता, कुणी होडी. मी प्रत्येक उलटून पाहिलं, तुझं कुठे आहे का म्हणून. तुझं नव्हतं. मावशी म्हणायची, तुझी आई त्यागी आहे. मला वाटायचं, त्याग करणाऱ्याला काहीतरी दुखत असणार. तुला दुखत नव्हतं."

"आणि तू ते घेऊन एकोणीसशे पोरांच्या डोक्यात घातलंस. मला न सांगता. वर माझ्याच नावाचे सत्कार करवलेस."

"सांगितलं असतं, तर सही दिली असतीस?"

"तू फसवलंस मला, निनाद."

"हो," तो म्हणाला. "पण शाळा उघड्या राहिल्या. कित्ता मिळाला नाही, तर जूनमध्ये हजारो शाळांना कुलूप लागेल."

बाईंनी संमतीपत्र समोर घेतलं. मिहिकाच्या आईचा चेहरा त्यांनी आठवून पाहिला. आठवला, पण नुसताच, भिंतीवरच्या तक्त्यासारखा. पलीकडे सहा हजार शाळांतली पोरं मात्र त्यांना जिवंत दिसत होती. हात लेखणीकडे सहज गेला. मन कुठेच अडखळलं नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. ज्या तराजूचं एक पारडंच नाही, त्यात आपण काय तोलणार?

"उलटा कित्ता असतो का रे? ज्याची घरओढ पुष्कळ आहे असा?"

"एक आहे. चौऱ्याण्णव. माझाच. एकोणतिसाव्या वर्षी काढून ठेवलेला."

"तो मला दे. मग सहीचं सांगते."

"या वयात चौतीस वर्षांचं एकदम दुखेल."

"दुखू दे. ज्याचं त्याला दुखलेलं बरं."

अकरा बैठका झाल्या. विद्यापीठाच्या अतिथिगृहात बाईंना वेगळी खोली दिली होती. पहिले पाच दिवस काहीच कळलं नाही. सहाव्या दिवशी पोळी मोडताना निनादला वाढवलेल्या बहिणीच्या स्वयंपाकघराची आठवण येऊन घास हातातच राहिला. बहीण जाऊन बारा वर्षं झाली होती आणि बाई तेव्हा दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर झाल्या होत्या. आठव्या दिवशी मिहिकाच्या आईचं बोलणं शब्द न् शब्द कानात आलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. दहाव्या दिवशी कांजिण्यांनी भरलेला एक चेहरा दिसला. तो एकेक कागद उलटून बघत होता. बाई भर दुपारी भोजनगृहात ताट सोडून उभ्या राहिल्या आणि "मी येते रे, आत्ता येते," असं मोठ्यानं म्हणाल्या. वाढपी धावत आला. त्यांना कुठे जायचं आहे, हे त्यांनाच सांगता येईना.

शेवटची बैठक झाल्या झाल्या त्या तशाच निनादच्या दारात गेल्या.

"निनू."

या नावानं त्याला तीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. त्यानं मान वर केली. "बस. पाणी देऊ?"

"पाणी नको. माझं चुकलं रे. तू दुसरीत होतास. सात वर्षांचा होतास! मी यायला हवं होतं, चालत यायला हवं होतं." त्यांनी त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही. डॉक्टर रुग्णाला धरू देतो तसा धरू दिला. "मला फसवलंस त्याचाही राग नाही आता. चल, घरी जाऊ. मावशीचं घर अजून आहे ना? मी तिथे राहते. तू संध्याकाळी येत जा."

"आई," तो समजुतीनं म्हणाला, "तुझा कित्ता माणसावर कसा चालतो, हे आधी कुणावर तरी बघायला हवं होतं. दुसऱ्या कुणावर कसं बघणार? मीच बसलो. माझी नोंद काढून ठेवली आणि तुझा कित्ता गिरवला. आता माझी घरओढ दहा आहे."

बाईंना ते कळायला वेळ लागला. "म्हणजे तुला आता..."

"दुखत नाही. दहा वर्षं झाली. फार बरं झालं."

"मग तू पण उलटा घे. तुझाच तर आहे! तुझंच तुला परत घ्यायचं."

"घेता येईल. पण मला ते हवंसं वाटत नाही. हवंसं वाटायला ते आधी थोडंफार असावं लागतं. एकोणीसशे जणांना आम्ही लेखी विचारलं होतं, काढायचं का म्हणून. सगळ्यांनी नाही लिहिलं. मिहिकानंही." त्यानं संमतीपत्र पुढे सरकवलं. "मग काय ठरवलंस?"

"नाही!" बाई ओरडल्या. "एका पोराच्या आईलाही यातून जावं लागता कामा नये. नाही म्हणजे नाही."

निनादनं 'नकार' या शब्दासमोर खूण केली आणि कागद फायलीत लावला. "ठीक. नियमाप्रमाणे आधी तुला विचारणं भाग होतं. गिरवून वळणदार झालेलं अक्षरसुद्धा कित्ता म्हणून चालतं. आता माझी दहाची नोंद वापरू. मी सही केलीय."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. कपाळ त्यांचं होतं, हनुवटी त्याच्या वडिलांची. त्यानं घड्याळ बघितलं, त्यांची पिशवी उचलून त्यांच्या खांद्याला नीट अडकवली आणि दारापर्यंत सोडायला आला.

"तोरणकुंडची गाडी चारला आहे," तो म्हणाला. "आत्ता निघालीस तर मिळेल. मुलं वाट बघत असतील."

बाई पायऱ्या उतरल्या. स्टँडवर गाडी लागलेली होती, कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं "या बाई, पुढची जागा धरलीय" म्हणून हाकही मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तोरणकुंडला जावंसं वाटत नव्हतं. त्यांना घरी जायचं होतं. गाडी सुटली तरी त्या फलाटावरच उभ्या राहिल्या आणि एकेका गाडीवरची पाटी वाचत राहिल्या.