घरचाच हंडा

“माझा हंडा कुणी हलवला?”

नगररचना कार्यालयाच्या व्हरांड्यातली कुजबुज एकदम थांबली. सत्यशीला कमरेवर हात ठेवून उभी होती. समोर फायलींचा गठ्ठा छातीशी धरलेला कारकून... गोंधळलेला, आणि — नाही म्हटलं तरी — दिसायला बरा!

“मी हलवला. लोक अडखळत होते...”

“तो माझा नंबर व्हता! सकाळीच लावला व्हता.”

त्या दुष्काळात वस्त्यावस्त्यांतून हीच रीत होती. टँकरच्या रांगेत ताटकळायचं नाही, हंडा ठेवून कामाला जायचं. एका घरचे हंडे एकमेकांना लागून ठेवायचे आणि परक्यानं मध्ये घुसायचं नाही. सत्यशीलानं तीच रीत सुनावणीच्या रांगेत आणली होती.

कारकुनाचं नाव अंगद, गाव लासूर स्टेशन. त्यानं निमूटपणे हंडा जागेवर आणून ठेवला, वर रुमालानं पुसलाही. तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

लढाई मोठी होती. वस्तीलगतच्या मैदानावर एका कंपनीला भलंमोठं दुकान उभारायचं होतं आणि त्यासाठी बाजाराचं आरक्षण उठवायला मंजुरीही मिळाली होती. सत्यशीलाची आई मालनबाई त्याच बाजारात शेळ्या विकून घर चालवायची. वस्तीनं मिळून अपील केलं, आणि शिकलेली म्हणून बोलायची जबाबदारी सत्यशीलावर आली.

तारखांवर तारखा पडत गेल्या. दर तारखेला हंडा रांगेत, आणि अंगदची नजर... हंड्यावर थोडीच!

“चहा घेता का? क्रांती चौकात चांगला मिळतो,” एकदा तिनंच धीर केला.

“निकालाआधी नाय. लोक म्हणतील, अपील चहावर फिरलं.”

“आणि निकालानंतर?”

“तेव्हा... विचारून तर बघा.” त्याचे कान लाल झाले होते. तिला तो फार आवडला.

शेवटच्या तारखेलाच नेमका वस्तीत टँकर आला. पाणी हुकवून चालणार नव्हतं. एक हंडा व्हरांड्यात ठेवून सत्यशीला घरचे बाकीचे भरायला धावली. परतताना रिक्षा मिळेना. धापा टाकत जिना चढली, तर आत कंपनीचे वकील म्हणत होते, “पुकारा झाला, अपीलवाले गैरहजर. अपील फेटाळावं.”

आईचा बाजार गेलाच! तेवढ्यात अंगदचा आवाज आला.

“साहेब, त्यांचा हंडा नंबरात हाय. या दिवसांत हंडा टाकून कुणी जातं का?”

साहेबांना हसू आवरेना. “आमच्याकडंही टँकरच येतो. थांबू पाच मिनिटं.”

“आले, साहेब!” भिजल्या ओढणीनं सत्यशीला आत शिरली आणि जीव तोडून बोलली.

आरक्षण कायम राहिलं. वस्तीनं पेढे वाटले. पण अंगद काही फिरकला नाही. चहाचं विचारायला कार्यालयात जावं, तर आता काम कुठलं? तिला गोड पेढाही गोड लागेना.

मग एका सकाळी टँकरच्या रांगेत अगदी शेवटी एक कोरा करकरीत हंडा दिसला. मागे अंगद.

“तुमच्याकडं तर नळ हाय ना?”

“हाय की.”

“मग हा नंबर कशाचा?”

“पाण्याचा नाय...” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “किती थांबावं लागंल, तेवढं सांगा.”

तिनं त्याचा हंडा उचलला आणि सगळ्या रांगेदेखत नेऊन आपल्या हंड्याला लागून ठेवला.

“अगं ए, मधी कुणाला घुसवतीस?” शेजारची सारजाबाई कडाडली.

“मधी नाय, मावशी...” सत्यशीला लाजून लालेलाल झाली. “घरचाच हाय.”