काकडाशिवाय शेवळं

वारा त्याच्या टेबलावरून माझ्या टेबलाकडे येत होता आणि येताना सुक्या जवळ्याचा वास घेऊन येत होता. भांडणाला एवढं कारण पुरे होतं.

पनवेलला तळ्याकाठच्या एका शाळेच्या पटांगणात पावसाळ्यात दर रविवारी रानभाज्यांचा बाजार भरायचा. आसपासच्या गावांतल्या बायका भाज्यांच्या जुड्या आणायच्या आणि त्याच भाज्या घरून रांधूनही आणायच्या. खारघर-कामोठ्याची मंडळी आधी चव बघायची, मग जुडी घ्यायची, आणि कशी करायची ते दोन-दोनदा विचारून जायची. कोन गावाहून आमची आई दरवर्षी यायची. त्या वर्षी तिचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून टेबल माझ्या गळ्यात पडलं. मी कामोठ्याला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. लसावि-मसावि मला झोपेतसुद्धा जमायचे. शेवळं मात्र जन्मात पहिल्यांदा शिजवली होती.

आणि गुरुदत्त सरांनी, म्हणजे बाजार भरवणाऱ्यांनी, माझ्या शेजारी बसवलं ते नेमकं सुक्या मासळीवाल्याला.

"अहो, तुमचं हे सगळं जरा त्या कोपऱ्यात सरकवता का?" मी म्हटलं.

"हा कोपराच आहे. याच्यापुढे तळं."

"पण रानभाज्यांच्या बाजारात मासळीचं काय काम?"

"पावसाळ्यात होड्या बंद. मग आम्ही खायचं काय? उन्हाळ्यात वाळवलेलं." त्याने सोड्यांचा ढीग हाताने सारखा केला. "म्हणजे ही आमची पावसाळ्यातली भाजीच की."

हे बोलून तो गालातल्या गालात हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्त बारीक व्हायचा... हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि लक्षात आलं म्हणून मी आणखी चिडले.

त्याचं नाव कुंदन. उरणजवळच्या करंज्याचा कोळी. बंदरातल्या कंटेनर यार्डात नोकरी, आणि रविवारी आईने सुकवलेला जवळा, सोडे, बोंबील घेऊन इथे. ही सगळी माहिती मी विचारलेली नव्हती, त्यानेच सांगितली. मी फक्त ऐकत होते.

तास गेला तरी माझ्या पातेल्यावरचं झाकण कुणी उघडायला सांगितलं नव्हतं. लोक यायचे, नाकाला रुमाल लावायचे आणि पुढे जायचे. त्याला बहुतेक वाईट वाटलं असावं.

"द्या एक वाटी. तुमची भवानी मी करतो."

मी वाटी भरून दिली. त्याने पहिला घास घेतला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, डोळ्यांत प्राण आणून उभी होते. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"कशी झाली?"

"छान..." आवाज कुठल्या कुठे खोल गेला होता.

"आणखी देऊ?"

त्याने मान हलवली, पण वाटी मात्र पार चाटूनपुसून संपवली. मग पाण्याची बाटली तोंडाला लावली ती खाली ठेवेचना. समोरच टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसलेली माझी हौसाआत्या हे सगळं बघत होती. ती उठून आली, पातेल्यात डोकावली आणि मग माझ्या टेबलाकडे बघत राहिली.

"पूर्वे, काकडं नाय घातलीस गो?"

काकडं म्हणजे आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं. ती घातल्याशिवाय शेवळं शिजवली तर घशाला अशी खाज सुटते की माणूस बोलायचं विसरतो. म्हणून तर बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडंही मिळतात. मलाही मिळाली होती. मी ती धुऊन, पुसून, टोपलीत हळदीच्या पानावर शोभेला मांडून ठेवली होती. दिसत होती मात्र सुंदर.

मी पळत जाऊन पलीकडच्या टेबलावरून आमसुलाचं पाणी आणलं.

"पहिल्याच घासाला बोलायचं ना."

"बोलता येत नव्हतं."

"मग दुसरा कशाला खाल्लात?"

"तुम्ही बघत होतात ना..." त्याने घसा खाकरला. "आणि इतकं बघत असताना कसं ठेवणार?"

त्या दिवशी घरी जाताना मी आत्याकडची सगळी काकडं विकत घेतली. पुन्हा असं व्हायला नको, या एकाच धास्तीने. आईने डोक्याला हात लावला आणि उरलेली बरणीत मिठाच्या पाण्यात घालून ठेवली.

पुढच्या रविवारी मी नीट, काकडं घालून केलेली शेवळं स्टीलच्या डब्यात भरून त्याच्या हातात दिली. नुसती माफी म्हणून. त्यापुढच्या रविवारी डबा परत आला, तो जवळ्याच्या चटणीने भरून. वर अर्धं लिंबू.

आता आमच्याकडे वानोळ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामं नाही. कोनला आमच्या दारात एकदाच रिकामं भांडं परत आलं होतं, बांधावरून भांडण झालं तेव्हा. त्यानंतर त्या घराशी आमचं बोलणं कायमचं थांबलं. कोळ्यांकडेही हीच रीत. त्यामुळे डबा एकदा निघाला तो निघालाच. मी टाकळा पाठवला, त्याच्या आईने सुके बोंबील. मी फोडशीची भजी दिली, तिकडून तांदळाची भाकरी आली, केळीच्या पानात गुंडाळलेली, अजून मऊ. त्याच्या आईला मी पाहिलंही नव्हतं, पण तिच्या हाताला किती मीठ लागतं हे मला कळलं होतं.

"अहो-जाहो"चं "अरे-तुरे" कधी झालं ते मात्र कळलं नाही. ताडपत्रीवर पाऊस तडतडत असायचा, गिऱ्हाईक तुरळक, तळ्याच्या पाण्यावर सगळीकडे बारीक बारीक वर्तुळं... आणि आम्ही दोघं काहीतरी बोलत असायचो.

"तुझ्या वर्गातल्या पोरांना तू अशीच ओरडतेस?"

"तुझ्यापेक्षा कमी. ती ऐकतात."

"मीही ऐकतो. तू म्हणालीस वारा इकडे येतो, तर आज बाजू बदलून बसलो."

खरंच बसला होता. आणि आता माझ्या भारंगीचा कडवट वास त्याच्याकडे जात होता. तो तक्रार करत नव्हता.

श्रावण लागला आणि सुकी मासळी घ्यायला कुणी फिरकेना. मला वाटलं, आता हा येणार नाही. मी मुद्दाम उशिरा गेले, म्हणजे रिकामी जागा फार वेळ बघावी लागू नये. तर हा आधीच हजर, समोर टेबल मोकळं, त्यावर एक बोंबीलसुद्धा नाही.

"विकायला काय आणलंस?"

"काही नाही."

"मग आलास कशाला?"

तो वर बघत म्हणाला, "ताडपत्री धरायला. वाऱ्याने उडते ना... तुझ्या बाजूची."

ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधलेली होती. मी कर्टोल्यांचा वाटा लावता लावता तीच ती कर्टोली उचलत आणि ठेवत राहिले. तो मला आवडत होता. फार आवडत होता. उगाच नाही कशाला म्हणू?

त्याच दिवशी निघताना तो म्हणाला, "माझी बदली झालीये. मुंद्र्याला. गुजरातेत."

"कधी?"

"नारळी पौर्णिमा झाली की. तीन वर्षांसाठी."

मी वाट बघितली. तो आणखी काहीतरी बोलेल, एखादं वाक्य, अर्धं तरी. पण तो ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागला. मीही डब्यात कर्टोल्याची भाजी भरून दिली आणि झाकण जरा जास्तच दाबून लावलं.

नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार हा बाजाराचा शेवटचा. कुंदन आला, डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "जपून राहा, पूर्वी." मग माझ्याकडे न बघता गुरुदत्त सरांशी हात मिळवून निघून गेला.

डबा हलका लागला. मी झाकण उघडलं. आत लख्ख घासलेलं स्टील, आणि त्यात माझाच चेहरा.

घरी पोचेपर्यंत मी रडले नाही. पोचल्यावर रडले. आईने सगळं ऐकून घेतलं, डबा उलटसुलट करून पाहिला.

"चटणीसोबत लिंबूपन धाडनारी बाई ती. ती रिकामा डबा नाय देनार, पूर्वे. जाऊन इचार."

"आणि दिला असेल तर?"

"तर आपून तरी कशाला रिकामा ठेवायचा?" असं म्हणून आईने डाव्या हाताने बरणी पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी मी क्लासला दांडी मारली आणि उरणची एसटी धरली. करंज्याला पोचले तेव्हा पाऊस नुकता थांबला होता आणि पागोळ्या गळत होत्या. त्याची आई, कृष्णाबाई, ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी नाव सांगितल्यावर हातातलं काम टाकून उठल्या आणि मला आत नेत म्हणाल्या,

"शेवलावाली पूर्वी? ये गो, बस. हात बरा झाला काय आयसचा?"

मी उभ्यानेच विचारलं, "मावशी, आमच्याकडून काही चुकलं का? डबा रिकामा आला."

"रिकामा? माज्या घरातनं?" त्यांचा हात कमरेवर गेला. "मी सोडं भरलं व्हतं त्यात. मोठं मोठं निवडून. कुंदन, भायेर ये जरा."

तो बाहेर आला. मला बघून दारातच थबकला. मागे खोलीत अर्धवट भरलेली बॅग दिसत होती.

"सोडं कुठं हायत रं?"

तो आत गेला आणि बॅगेतल्या शर्टांच्या घड्यांखालून कागदाचा पुडा काढून आणला. कृष्णाबाईंनी पुड्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"घरात दूध नाय," त्या म्हणाल्या. "आनते शेजारनं. येल लागंल मला." चुलीशेजारी दुधाचं पातेलं भरलेलं दिसत होतं. त्या त्याच्याच शेजारून निघून गेल्या.

"का केलंस असं?" मी विचारलं.

"रिकामा दिला की तुला कळेल असं वाटलं... की वाट बघायची नाही. तीन वर्षं, पूर्वी. तुला थांब म्हणायचा मला काय हक्क आहे?"

"हक्क नव्हता तर त्या दिवशी वाटी का संपवलीस?"

त्याचे कान पुन्हा तसेच लाल झाले होते, आणि आज तर शेवळंही नव्हती.

"कारण तू मला आवडलीस," तो म्हणाला. "पहिल्या घासाला... नाही, पहिल्या घासाला काही सुचतच नव्हतं. दुसऱ्या घासाला."

मी डबा त्याच्यासमोर धरला. त्याने झाकण उघडलं.

"काकडं?"

"मिठातली. वर्षभर टिकतात. जूनमध्ये रजा काढून ये. मी शेवळं करीन, इथे, तुझ्या आईच्या चुलीवर. दरवर्षी करीन. थांबायचं की नाही ते माझं मी ठरवलंय. तू फक्त यायचं."

"आणि काकडं घालायला विसरलीस तर?"

"तर तू खाशील. मुकाट्याने."

"खाईन," तो म्हणाला, आणि त्याचा तो एक डोळा बारीक झाला.

त्याने काकडं आतल्या बरणीत काढली. डबा धुतला, पंच्याने कोरडा केला आणि पुड्यातले सोडे त्यात ओतले, एकही बाहेर न सांडता. झाकण लावून डबा माझ्या हातात दिला, पण आपला हात काही बाजूला घेतला नाही. आम्ही दोघं तो डबा धरून तसेच उभे राहिलो, बाहेरून कृष्णाबाईंचं चांगलं मोठ्याने खोकणं ऐकू येईपर्यंत.

परतीच्या एसटीत पुन्हा पाऊस लागला. मांडीवरच्या डब्यातून सोड्यांचा वास दरवळत होता. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "जरा खिडकी उघडता का?"

"पाऊस आत येतोय हो," मी म्हटलं, आणि उरलेली फटही ओढून बंद केली. तो वास मला पनवेलपर्यंत हवा होता.