बोळातलं वळण

“सुरेखा, ह्या बोळातनं तिरडी वळायची नाय. दुसरं घर बघा,” सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसले होते. औरंगपुऱ्यातलं ते तळमजल्याचं घर मला आवडलं होतं; सायलीची बालवाडी समोरच होती. रस्त्यावरून चार फूट रुंदीचा बोळ, काटकोनात वळण, पुन्हा चार फूट आणि दार.

मी बीएस्सी गणिताची. तिथंच दुकानाच्या पावतीमागं मांडलं. आडवी वस्तू वळवताना दोन भिंतींत मावणारी लांबी कोनाप्रमाणे बदलते. अवकलज शून्य धरला की सगळ्यात अडचणीचा कोन मिळतो, पंचेचाळीस अंश. तिरडीची रुंदी वजा करूनही आठ फुटांपर्यंत सगळं वळत होतं.

“वळेल, आई. फूटभर जागा उरेल.”

“अगं बाई, नव्या घराच्या दारात असले हिशेब करतात व्हय?” त्यांनी सायलीला कडेवर घेतलं आणि तोंड फिरवलं.

श्रावणात त्या गेल्या. तिरडी दाराबाहेर बांधायची असते, पण बोळात पाणी तुंबलेलं. माझ्या गणिताच्या भरवशावर विश्वजीतनं, माझ्या नवऱ्यानं, ती घरात बांधू दिली. जेमतेम सात फूट. वळणावर अडली. चौघं घामाघूम झाले. शेवटी उभी करून नेली. आईंची मान कलली, ती विश्वजीतनं तळव्यावर धरली.

तेराव्यानंतर मी टेप लावला. चार फूट. चार फूट.

मग शिडी अडली. मग मिटलेली छत्री. टेप दर वेळी चारच दाखवायचा.

“गणितवाली ना तू? भिंती काय सरकतात का?” विश्वजीत हसायचा. पण वळणावर आला की खांदे चोरायचा.

एका दुपारी माझेच दोन्ही खांदे घासले. मी सायलीला पुढं घालून बाहेर पडले. कपडे घेऊन आलोच, म्हणून विश्वजीत आत थांबला.

आला नाही.

“सुरेखा, वळेना गं,” आतून आवाज आला. मी हात घातला. त्याची बोटं लागली. गार होती. मला पुढं सरकता येईना.

शेजारचे सर्जेराव हात हलवत सरळ आत गेले, सरळ बाहेर आले.

“ताई, आत तर कोणीच नाय.”

आता मी पैठणला, माहेरी आहे. त्याचा फोन रोज येतो. आवाज त्याचाच आहे. भूक लागली म्हणत नाही, रडत नाही. एकच म्हणतो, “सायलीला पाठव. ती मावेल.”

फोन ठेवून वळले की सायली चपला घालून उभी असते.

तुम्ही औरंगपुऱ्याकडं राहत असाल, तर वळणापाशी थांबून एकदा विश्वजीतला हाक मारा. तो ओ देईल. त्याला पाणी ठेवा, बरा आहे का विचारा.

फक्त लहान मूल सोबत नेऊ नका.