काडीमोड

पाथरीच्या जीपमधे पुढची सीट मिळणं म्हणजे नशीब, आणि शेजारचा डायव्हर सिगारेट काढणारा निघणं म्हणजे त्याच नशिबानं मारलेली थोबाडीत. ऋतिकाला त्या संध्याकाळी दोन्ही मिळालं. दिवसभर मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून पाय भरून आलेले, मांडीवर किराण्याची पिशवी, पिशवीत वरच काडेपेट्यांचा पुडा. खिडकीतून तुरीच्या शेतावरून आलेली गार झुळूक लागत होती. डायव्हरनं ओठात सिगारेट धरली, खिसे चाचपले, आणि त्या पुड्याकडं बघितलं.

"काडी हाय का?"

"हाय."

"द्या की मग."

"न्हाई."

"का बरं?"

"चूल पेटवायला न्यायलेय. माणूस पेटवायला न्हाई."

मागं कोंबलेली माणसं हसली. तो हसला नाही. सिगारेट कानावर अडकवली... आणि आरसा हळूच तिच्याकडं फिरवला. आरसा मागचा रस्ता बघायला असतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्याचं नाव ओमप्रकाश. जीप स्वतःची, शेत वडिलांचं, खोकला आजोबांकडून आलेला. त्यानंतर पुढची सीट ऋतिकासाठी रिकामी राहायला लागली. कुणी बसायला गेलं की तो म्हणायचा, "स्प्रिंग तुटलीय, टोचंल." स्प्रिंग काही तुटली नव्हती. गावाला हे कळलं, घराला कळलं, आणि जात-पात, गोत्र-नातं सगळं तपासून झाल्यावर — एवढी तपासणी गाय घेतानाही करत नाहीत — सुपारी फुटली. लोकांसमोर ती त्याला 'तुमी' म्हणायची, जीपमधे 'तू'.

एकदा जीपमधे तो म्हणाला, "तुझ्यासाठी सोडतो बघ सिगारेट."

"माझ्यासाठी नको."

"का?"

"माझ्यासंगं भांडलास की पयली पेटवशील. आन् आपण लय भांडणार हाओत."

ऋतिकाचे वडील सूर्यभान बिडी ओढून ओढून अंगणात वाकून खोकायचे, आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी असायची. बायकांच्या जन्मात असे तांबे फार. ऋतिकाला तो तांब्या धरायचा नव्हता. एवढंच साधं होतं ते.

तिनं दुकानातून निकोटिनचं च्युइंगम आणलं. तो म्हणाला, "बैलावाणी रवंथ करायला लावलीस." मग तिनं दुसरा उपाय काढला. तलफ आली की काडी पेटवायची नाही, मोडायची. मोडून फेकायची, दुसरी घ्यायची. हाताला काम, तोंडाला सुट्टी. सिगारेट सुटताना माणूस घरातल्यांवर भुंकतो. ओमप्रकाशही भुंकला. एकदा फोनवर म्हणाला, "तू माझी मास्तरीण हाईस का? ठेव फोन."

तिनं ठेवला नाही. "हे तू न्हाई बोलायलास. तलफ बोलायली. तिचं होऊ दे, मी थांबते."

पलीकडं एकामागून एक तीन काड्या मोडल्याचा आवाज. मग बारीक आवाजात, "...जेवलीस का?"

पण काडी मोडायचं सांगताना या पोरीच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. आमच्याकडं नवरा-बायकोचं फाटलं की जुनी माणसं पंचांसमोर काडी मोडायची. मोडली की संसार संपला. त्या बाईला कुणी विचारायचंही नाही. त्याला काडीमोड म्हणत. ती प्रथा गेली, शब्द राहिला, आणि तो शब्द तोंडात घेऊन हिंडणाऱ्या ऋतिकाच्या आत्या कडूबाईही राहिल्या.

एक दिवस कडूबाई जीपच्या अड्ड्यावर आल्या. ओमप्रकाश चहाच्या टपरीपुढं एकटाच बसलेला, डोळे लाल, पायाशी मोडलेल्या काड्यांचा सडा.

"काय करायलाव जावईबापू?"

"सोडली आत्याबाई तिला. लय तरास दिला रांडेनं. आता तिचं तोंड बघायचं न्हाई." आणि कडकन आणखी एक काडी मोडली.

पुढचं ऐकायला कडूबाई थांबल्या नाहीत. चांगली बातमी असती तर थांबल्या असत्या.

ऋतिका घरी पोचली तेव्हा आई धुरपताबाई पदर तोंडात धरून बसलेली, सूर्यभान ओसरीवर, आणि भावकीतले दत्तराव न्याय द्यायला आधीच बसलेले. ओमप्रकाशला बोलावून आणलं होतं.

"पोरीत काय खोट दिसली?" दत्तरावांनी विचारलं.

"कुणाच्या पोरीत?"

"रांड म्हणलाव म्हणं."

"सिगारेटला म्हणलो."

दत्तराव आधी हसले, मग सगळे हसले, आणि कडूबाई लसूण सोलायला आत गेल्या.

इथं संपायला हवं होतं. पण सूर्यभानांनी खिशातून बिडीचं बंडल काढलं. एक पेटवली, दुसरी पुढं केली. "घ्या. मनातलं निघालं म्हणायचं."

भांडण मिटलं की एकत्र बिडी ओढायची, ही इकडची रीत. हातची बिडी नाकारली तर मनात राग ठेवला असा अर्थ होतो. मोठ्या माणसाचा अपमान, आणि तोही सोयरीक नुकतीच सांधलेली असताना.

ओमप्रकाशचा हात पुढं गेला. धूर त्याच्या नाकाशी होता. त्यानं दाराकडं बघितलं.

ऋतिका चौकटीत उभी होती. एक शब्द बोलली असती तर काम झालं असतं. आज झालं असतं, उद्याही तिलाच बोलावं लागलं असतं, आणि मग जन्मभर. तिनं मान फिरवली आणि आत गेली.

आत तिला फक्त ऐकू आलं.

"मामा, बिडी नको."

"माझ्या हातची नको?"

"कुणाच्याच हातची नको. राग मानायचा तर माना. सोयरीक मोडायची तर... ती मोडू नका. पर बिडी न्हाई घेत."

सूर्यभानांना खोकला आला. खोकता खोकताच त्यांनी हातानं इशारा केला — जा. रागानं की मायेनं, ते त्यांनाच माहीत.

जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ऋतिका येऊन पुढच्या सीटवर बसली. तो स्टिअरिंगवर काड्या मोडत बसला होता.

"मान का फिरवलीस?" तो म्हणाला. "मला वाटलं, गेलीस."

"मी बघत असते तर माझ्या धाकानं न्हाई म्हणला असतास."

"घेणारच होतो मी. खरं सांगतो. अजून पायजे."

"माहीत हाय."

"मग घेतली असती तर?"

"तर भांडले असते. उद्या परत पयल्यापासून सुरू केलं असतं." तिनं त्याचा हात ओढून स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. "बाहेर मात्र आलेच असते."

गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बघत होत्या. ओमप्रकाशनं चावी फिरवली नाही. तिनं हात सोडला नाही.